दाजींचं दक्षिणेचं दार

हिरड्याची पोती घेऊन सुप्याहून आलेला गाडीवान बैल न सोडताच दुकानाच्या पायरीशी आला, मुंडासं काढून हातात घेतलं आणि नुसता उभा राहिला. मी पोत्यांकडं बघत होतो. "माल ओला आणलायस की काय रे?" म्हणून त्याच्यावर खेकसलो. माझा स्वभावच तसा आहे, खानापुरात कुणालाही विचारा. तो मान खाली घालून म्हणाला, "मालक… दाजी गेलं. परवा दिवशी. अक्कांनी तुमाला घिऊन या म्हटलंय." हातातला तराजू मी खाली कधी ठेवला ते मला आठवत नाही. त्याच गाडीत, त्याच बैलांना थोडा चारा देऊन, मी निघालो. वाटेत रान सुरू झालं, काळी नदीचा आवाज ऐकू यायला लागला, तेव्हा कुठं मला नीट कळलं की आता तिथं पोचल्यावर "या पावणं!" म्हणून ओरडणारं कुणी नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, गंगूअक्काचे यजमान. नाव रघुनाथराव. पण बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडं दाजी म्हणतात, तसं मी म्हणत असे आणि माझं ऐकून हळूहळू सगळी वस्ती त्यांना दाजी म्हणायला लागली. नातं आमच्या घरचं आणि वापर साऱ्या गावाचा, अशी मी त्यांची चेष्टा करायचो. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. या पुरवणीचे बरेच वाचक शहरात राहतात आणि शहरं कशी वाढवावी, नव्या वसाहती कशा आखाव्या याबद्दल हल्ली इथं पुष्कळ छापून येतं. सुप्याजवळच्या रानात एका माणसानं विसेक घरांची एक वस्ती आखली, तिची हकीकत त्यात बसावी, म्हणून हे लिहायला घेतलं. शिवाय मला दुसरं काही सुचतही नाही.

तरुणपणी दाजी घाटातल्या रेल्वेच्या कामावर नकाशे काढायला होते. तंबूत राहायचं, डोंगर मोजायचे, कागदावर रेघा मारायच्या. त्या नोकरीपायी त्यांनी मुंबई पाहिली, हुबळी पाहिली, बेळगाव तर पायाखालचं. पुढं नोकरी सोडून ते सुप्याला लाकडाच्या व्यापारात आले, पण रेघा मारायची खोड काही गेली नाही. कोळशाचा तुकडा हाती आला की झालं. अक्कानं सारवलेली जमीन, सुपाची पाठ, माझ्या दुकानाचा पाटीवरचा हिशेब पुसून ती पाटी… कशावरही ते गावं काढायचे. "शहरं आखणारे आधी रस्ता आखतात आणि मग विचारतात, माणसं कुठं ठेवायची. झाडं आणि पाणी तर त्यांना आठवतच नाहीत. आधी पाणी बघावं, मग झाड, मग माणूस. रस्ता काय, माणसं चालली की आपोआप होतो." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. त्या वेळी मला ते रिकामटेकड्याचं बोलणं वाटायचं.

मग प्लेग आला. तेव्हा मी सुप्यातच दाजींच्या शेजारी छोटं दुकान मांडून होतो. आमची बाजारगल्ली म्हणजे भिंतीला भिंत, माडीला माडी, मागं एकच तुंबलेली मोरी. उंदीर पडायला लागले आणि आठवड्याभरात गल्लीत रडण्याशिवाय दुसरा आवाज राहिला नाही. जी घरं उरली ती जीव मुठीत धरून नदीपासून वरच्या अंगाला, रानातल्या एका माळावर गेली. तिथं जवळच्या पाड्यावरचे कुणबी होते. त्यांच्या प्रमुखाला बुधवंत म्हणतात. हा सोमा बुधवंत आमच्या दुकानांत कंद आणि मध घेऊन यायचा, म्हणून ओळखीचा. आम्ही व्यापारी लोक सवयीप्रमाणं झोपड्यांची एक सरळ ओळ घालायला लागलो, तर तो कपाळाला हात लावून हसला. "ओळ कशाला? गोल घाला. मधी आग. आमी रानात असंच रावतो. वाघ आला तर समद्यांस दिसतो, माणूस पडला तर समद्यांस दिसतो."

तसंच केलं. मधोमध दगडांतून पाझरणारा झरा होता, दोन जुने फणस होते, थोरलं जांभूळ होतं. त्यांच्या भोवती गोल झोपड्या, सगळ्यांची तोंडं आत. दिवेलागणीला दाजी आपल्या झोपडीच्या तोंडाशी उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "दिवा लावला काय समद्यांनी?" आणि एकेका झोपडीतून उत्तर यायचं, "लावला!" ज्या झोपडीतून उत्तर आलं नाही तिथं ते स्वतः चालत जायचे. कारण त्या दिवसांत दिवा न लावणं म्हणजे घरात कुणीतरी तापानं पडलंय, आणि शेजाऱ्यांनी आपल्याला हाकलू नये म्हणून लपवून ठेवलंय. अशी दोन-तीन माणसं त्या हाकेनं वेळेवर सापडली. एक वाचला, तो अजून आहे.

साथ ओसरली. लोक बोचकी बांधायला लागले आणि दाजी माळावर या झोपडीतून त्या झोपडीत फिरायला लागले. परत त्याच गल्लीत कशाला जायचं? इथं हवा आहे, पाणी आहे, पोरं डोळ्यांसमोर खेळतात, कुणाकडं काय शिजलंय ते वासानं कळतं. बाजार काय, बैलगाड्या इथंही येतील. मला वाटलं, यांचं डोकं फिरलं. पण त्या गल्लीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलं होतं. परत जाऊन ती दारं उघडायची म्हटल्यावर भल्याभल्यांचे पाय अडखळले. बोलता बोलता बरीचशी घरं राहायला तयार झाली. सरकारी परवानगीसाठी दाजींनी किती चपला झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. मिळाली एवढं खरं.

त्या श्रावणात दाजी आणि सोमा बुधवंत भर पावसात माळावर हिंडायचे. डोक्यावर इरली, पायाला जळवा, आणि दोघांची तोंडं चाललेली. पाणी कुठून येतं, कुठं साचतं, कुठून पळतं ते बघायचं आणि त्या वाटा सोडून घरं घालायची. जी झाडं तोडायची नाहीत त्यांना सोमा चुन्याचा पट्टा ओढायचा आणि दाजी त्यावर वाद घालायचे, कारण दाजींना सगळीच झाडं ठेवायची होती. "मग घरं काय झाडावर बांधू, दाजी?" असं सोमानं एकदा वैतागून विचारलं. शेवटी ठरलं ते असं: मधल्या झऱ्याभोवती मोकळी जागा, तिथं कुणाचं कुंपण नाही, कुणाचा हक्क नाही, फणस सगळ्यांचे. भोवती गोल घरं, सगळ्यांची दारं आत. घरामागं प्रत्येकाचं परस, त्यामागं गोठे, आणि मग रान. मळणीचं खळं एकच, सगळ्यांचं मिळून. झोपड्यांत जे भीतीपोटी झालं होतं, तेच आता राजीखुशीनं करायचं.

आणि इथं दाजी फसले. शहाणा माणूस, देश पाहिलेला, पण एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. घरं गोल घातली आणि दारं आत ठेवली, की वर्तुळाच्या उत्तरेला जी घरं येतात त्यांची दारं दक्षिणेला होतात! यमाच्या दिशेला दार ठेवून कोण राहणार? झोपड्यांच्या वेळी कुणी चकार शब्द काढला नव्हता, म्हणून दाजींनी समजूत करून घेतली की लोकांचं काही म्हणणं नाही. अहो, झोपडीला कुठं उंबरा असतो? पानांचा आडोसा तो. उंबरा बसवला, त्याला हळदकुंकू लावलं, की घर होतं आणि घराला दिशा लागतात. पाया आखायच्या दिवशी पूर्व, पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या जागा माणसांनी भरल्या. उत्तरेकडं दाजींनी मारलेल्या खुंट्या तशाच उभ्या. कुणी तिकडं बघायलाही तयार नाही.

सगळ्यांत मोठा आवाज होता गिरजाआज्जीचा. मूळची आमच्या खानापूरकडचीच, तरुणपणीच विधवा झालेली, एकट्या मुलाला वाढवून त्याला कापडाचं दुकान थाटून दिलेली बाई. तिच्यापुढं मोठे मोठे व्यापारी आवाज खाली करायचे. तिला बरोबर दक्षिणेकडची जागा मिळाली होती, म्हणजे तिचं दार उत्तरेला, अगदी निर्दोष. तरी तिची तक्रार होतीच. "माझं दार बरं हाय. पर सकाळी उठून दार उघडलं की समोर कुणाचं तरी दक्षिणेचं दार बघायचं? न्हाई जमायचं. तिकडं गोठं घाला न्हाईतर मोकळं सोडा." दाजी म्हणाले, मोकळं सोडलं तर वर्तुळ राहत नाही, त्या बाजूनं वारा आणि जनावर दोन्ही आत येतील, आणि चार वर्षांत कुणीतरी तिथं कुंपण घालून फणसाची बाग करील. मग संपलंच सगळं.

त्यांना पूर्वेकडं झऱ्याजवळची, सगळ्यांत चांगली जागा लोकांनी मानानं दिली होती. ती त्यांनी सोडली आणि उत्तरेकडच्या मधल्या खुंट्यांत जाऊन उभे राहिले. मी तिथंच त्यांच्याशी भांडलो. दाजी, तुमचा विश्वास नसेल दिशांवर, पण माझ्या बहिणीचा संसार आहे हा! त्यांनी अक्काकडं बघितलं. अक्का पदर तोंडाला लावून उभी होती. तिचा विश्वास होता, पुरेपूर होता, हे मी शपथेवर सांगतो. पण ती एवढंच म्हणाली, "सावली कुठली पडती दारात? दुपारची?" दाजी म्हणाले, "फणसाची." "मग बांधा," म्हणाली.

आधी त्या बाजूला ते एकटंच घर होतं. मग लोहाराला दुसरीकडं जागाच उरली नाही म्हणून तो आला, त्याच्यामागून आणखी दोन घरं आली. तीही बिचकतच, दारावर लिंबू-मिरच्या टांगून. समोर गिरजाआज्जीनं आपल्या दाराला तरटाचा जाडजूड पडदा लावला, दाजींचं दार दिसू नये म्हणून. उन्हाळा असो, पावसाळा असो, पडदा कायम. दाजी रोज सकाळी त्या पडद्याला हात जोडून नमस्कार करायचे आणि पलीकडून आज्जी ओरडायची, "दिसतंय मला!" तरटाला बारीक भोकं असतात, त्याला कोण काय करणार!

वस्ती मात्र नांदायला लागली. मधल्या जागेत कुणाची मिरी वाळतेय, कुणाचे सांडगे, कुणाची पोरं सुरपाट्या खेळतायत. कुणब्यांच्या बायका टोपल्या घेऊन आल्या की फणसाखाली बसायच्या. त्यांनी दुकानदारांकडं जाण्याऐवजी त्यांच्याभोवतीच बाजार बसायला लागला. फणस उतरवायचा दिवस म्हणजे सणच. आणि दिवेलागणीची हाक चालू राहिली. प्लेग गेला तरी हाक गेली नाही. "दिवा लावला काय समद्यांनी?" असं दाजी उंबऱ्यावरून विचारायचे आणि पूर्वेकडून सुरू होऊन एकेक घर उत्तर द्यायचं. गिरजाआज्जी पडद्यामागून "लावला म्हटलं की!" असं जरा रागानंच म्हणायची. सगळ्यांत शेवटी दाजींचं स्वतःचं घर. तिथलं उत्तर शेवंता द्यायची. शेवंता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली. बोलता येत नव्हतं तेव्हापासून तिला ती वेळ कळायची. उंबऱ्यावर बापाच्या पायाला धरून उभी राहायची आणि आपली पाळी आली की जीव खाऊन ओरडायची, "लावलाऽऽ!" साऱ्या वस्तीत हशा पिकायचा. पडद्यामागूनसुद्धा.

ती चार वर्षांची असताना हिंवतापानं गेली. त्या रानात हिंवताप काही नवा नाही. त्या वर्षी वस्तीत आणखीही पोरं गेली. पण शेवंता दक्षिणेच्या दारातली होती… लोक तोंडावर काही बोलत नव्हते. लोहाराच्या बायकोनं सामान बांधायला घेतलं. शेजारची दोन्ही घरं माळाबाहेर जागा बघायला लागली. गिरजाआज्जी स्वतः आली नाही, पण रोज सकाळी मुलाच्या हाती पेज पाठवायची. "मी सांगत हुते," एवढं मात्र तिनं पडद्याआडून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं.

मी तोवर खानापूरला परत येऊन दुकान थाटलं होतं. मी गेलो तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते आणि समोर गवंडी उभा होता. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "पावणं, मी दार बुजवतोय. पूर्वेकडनं काढतो दुसरं." आवाजात जीव नव्हता. ज्या माणसाशी मी त्या दारावरून भांडलो होतो तोच आता माझ्या म्हणण्याप्रमाणं करत होता आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. तरी मी म्हटलं, करा, लगेच करा. जांभ्याचे चिरे येऊन पडले होते, चिखल मळून तयार होता. दार फिरलं असतं तर लोहार गेला असता, मग बाकीची दोन घरं, आणि त्या बाजूचं वर्तुळ उघडं पडलं असतं, हे दाजींना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. पण बाप खचला होता.

गवंड्यानं पहिला चिरा उचलला तशी अक्का आतून आली आणि उंबऱ्यावर बसली. भर दारात, पाय बाहेर सोडून. मी म्हटलं, "अक्का, ऊठ. लोक काय म्हणतात ते ऐकलंस ना?" ती माझ्याकडं बघेचना. म्हणाली, "ताप काय दार बघून येतो व्हय रं, विठ्या? पलीकडं पूर्वेच्या दारातली दोन पोरं गेली, ती कुणाच्या पापानं गेली?" मग नवऱ्याला म्हणाली, "माझी पोर हितं उभी ऱ्हाऊन वरडत हुती. समोर समदी हसायची. ह्ये दार बुजवलंत तर ती कुठं उभी ऱ्हायली हुती त्ये मी कुणाला दावू? चिरं उचला म्हणावं." दाजी तोंड झाकून रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. गवंड्यानं चिरे परत गाडीत भरले. लोहाराच्या बायकोनं हे सगळं आपल्या दारातून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिची बांधलेली भांडी परत फळीवर दिसली.

मी अजूनही म्हणतो की दक्षिणेला दार नसावं. माझ्या घराला नाही आणि माझ्या मुलांच्याही असणार नाही. पण त्या दिवशी माझ्या बहिणीपुढं बोलायची माझी हिंमत झाली नाही, हेही तितकंच खरं.

हाक पुढं काही दिवसांनी परत सुरू झाली. सगळी घरं उत्तरं द्यायची. शेवटची पाळी दाजींच्या घराची, तिथं आता कुणी बोलत नसे. दाजी मात्र जरा थांबायचे. पागोटं सारखं करायचे, फणसाकडं बघायचे, आणि मग आत जायचे. वस्तीतही तेवढा वेळ कुणी भांडं वाजवत नसे. हे इतकी वर्षं चाललं. नवीन आलेल्या सुनांना त्याचं कारणही ठाऊक नसेल, पण त्याही थांबायच्या.

पुढं वस्तीचं नाव झालं. एकदा कुठल्याशा शहरातले एक इंजिनिअरसाहेब मुद्दाम बघायला आले. त्यांच्या शहरात नवी वसाहत व्हायची होती. चांगला माणूस, गर्व नाही. मधल्या जागेत फिरले, झऱ्याचं पाणी प्यायले, अक्कानं दिलेले फणसाचे गरे हात चिकट करून घेत खाल्ले. मग दाजींना म्हणाले, "हे शहरात जमेल, पण कितीही चांगलं आखलं तरी काही जागा वाईट राहतात, त्या कुणी घेत नाही. शेवटी तिथं गरिबाला ढकलावं लागतं. त्यावर काय उपाय?" दाजी हसले. "सोपा हाय. ज्यानं आखलं त्यानं त्या जागेत राहायला जायचं. मग बघा, पुढच्या खेपेला तो कसा आखतो ते." साहेबही हसले. ते पुढं कुठं राहायला गेले मला ठाऊक नाही. शहर आखण्याबद्दल मला जे काही कळतं ते एवढ्या एका वाक्यात आहे. बाकी तज्ज्ञांनी सांगावं.

शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. दाजी थकले होते, काठी आली होती, पण हाक तशीच खणखणीत. हाक देऊन, थांबून, ते वळले तेव्हा मी सहज चेष्टा केली, "दाजी, साऱ्या जगाची विचारपूस करता, तुमची कोण करतं?" "माझी?" ते म्हणाले, "माझी यम करतोय की! समोरच तर बसलाय, दार उघडंच हाय…" आणि खो खो हसत सुटले. अक्का आतून रागावली. मीही हसलो.

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. माजघरात पिठावर दिवा ठेवला होता, वात दक्षिणेकडं करून. मेलेल्या माणसासाठी सगळेच तशी ठेवतात. पण या घरात दक्षिण म्हणजे दार, आणि दारापलीकडं झरा, फणस, सारी वस्ती. तो दिवा जणू वस्तीकडंच बघत होता. दिवस घातले, तेरावा झाला. तोवर दिवेलागणीची हाक बंद होती. लोक आपापले दिवे लावायचे आणि दारात येऊन उगाच उभे राहायचे. कुणाला काय करावं कळत नव्हतं. एकदा लोहारानं हाक द्यायला तोंड उघडलं आणि खोकून परत मिटलं.

मी ठरवून आलो होतो की अक्काला खानापूरला न्यायचं. मूल नाही, बाळ नाही, त्या घरात ती एकटी काय करणार? वस्तीला याची कुणकुण लागली होती. एक घर बंद झालं, तेही ते घर, की पुढं काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. ज्यांनी दाजींच्या भरवशावर दक्षिणेला दारं ठेवली ते माझ्याकडं असे बघत होते, की मी त्यांच्या छपराचा वासाच काढून नेतोय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळसाठी गाडी सांगून ठेवली. अक्का दिवसभर ना हो म्हणाली, ना नाही. कोपऱ्यात बसून होती, मोकळ्या कपाळानं, मोकळ्या हातांनी.

ऊन फणसावरून उतरलं. घराघरांत दिवे लागले. अक्का उठली, कोनाड्यातली समई पुसली, तेल घातलं, वात लावली. मला वाटलं, जायच्या आधी एकदा लावतेय. मग ती दाराकडं चालायला लागली. मी दचकलो. विधवा बाई, दुःखाचे दिवस नुकते संपलेले, आणि लक्ष्मी घरात यायच्या वेळेला भर दारात उभी राहणार? "अक्का," मी म्हटलं, "लोक…" ती उंबऱ्यावर गेली, तिथं, जिथं शेवंता उभी राहायची, आणि तिनं हाक दिली. आयुष्यात कधी घराबाहेर आवाज न गेलेली बाई. हाक मध्येच चिरकली. "दिवा लावला काय… समद्यांनी?"

कुणी बोललं नाही. पूर्वेकडच्या दारात माणसं उभी होती, ती तशीच उभी राहिली. सुरुवात नेहमी त्यांची असे, पण विधवेच्या हाकेला दिवेलागणीला उत्तर द्यावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. अक्कानं चौकटीवरचा हात काढला. आता ती परत फिरणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात समोरचा तरटाचा पडदा हलला. गिरजाआज्जी आता पार वाकली आहे. तिनं तो पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि दारात येऊन उभी राहिली. त्या वेळेला दारात उभं राहायचं नाही, हा नेम तिनं स्वतः तरुणपणापासून पाळलेला. "लावला गं बाय!" ती म्हणाली. मग लोहार म्हणाला, मग पूर्वेकडची घरं, मग पश्चिमेकडची, पाळी चुकवून, एकमेकांच्या आधी, "लावला, लावला" असं सगळीकडून यायला लागलं. शेवटी सगळे थांबले, जसे इतकी वर्षं थांबत आले होते.

आज्जी मात्र आत गेली नाही. पडदा धरून तशीच उभी होती. तिनं झऱ्यावरून, फणसांखालून, सरळ आमच्या दाराकडं बघत विचारलं, "आणि तू गं, गंगू? तू लावलास का?"

त्या घराला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. अक्कानं मागं वळून समईकडं पाहिलं, मग समोर पाहिलं.

"लावला, आज्जी," ती म्हणाली.

सकाळी अक्कासाठी सांगितलेली गाडी मी रिकामीच परत पाठवली आणि गाडीमागून एकटाच चालत निघालो.